सव्हाना शहरातला पोळ्याचा मान

अमेरिकेतल्या सव्हाना नावाच्या बंदराचा आरंभीचा इतिहास मेहकर तालुक्यातल्या शेतकऱ्याला कळायलाच हवा, असं पहिल्यांदा ज्याला वाटलं तो मनुष्य मला कधी भेटला नाही. भेटला असता तर ज्येष्ठाच्या उन्हात दमणीत घालून मी त्याला पाच गावं हिंडवलं असतं. पण सरकारी कामात असा एक मनुष्य कधी नसतोच. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. कागदोपत्री मुलूख निजामाचा, इंग्रजांनी तो कायमचा भाड्याने घेतलेला, आणि कारभार नागपूरहून चाले. त्यामुळे एखादी चूक झाली की ती नेमकी कोणाची, हे ठरेपर्यंत चूक करणारा पेन्शनीत निघालेला असे.

झालं होतं ते एवढंच. लांब धाग्याच्या अमेरिकन कपाशीची सरकी शेतकऱ्यांच्या गळ्यात मारायचं शेतकी खात्याने मनावर घेतलं होतं. अमेरिकेत कापूस कसा पेरतात याची चित्रं जादूच्या कंदिलातून दाखवावीत, म्हणजे वऱ्हाडी शेतकऱ्याला चटकन पटेल, असं कोणीतरी सुचवलं. चित्रं मागवली. खोकं आलं. उघडून पाहतात तर चाळीस काचा, आणि सगळ्या एका बंदराच्या इतिहासाच्या. कापूस उगवला तो थेट तिसाव्या काचेवर, तोही गासड्या बांधून धक्क्यावर ठेवलेला. आमच्याकडचे शेतकीचे इन्स्पेक्टरसाहेब मोठे व्यवहारी. त्यांचं म्हणणं असं की खोकं परत पाठवायचं तर ते मागवलं कशाला, याचा खुलासा लिहावा लागेल. दाखवून टाकलं तर काही लिहावं लागणार नाही. आता इंग्रजी पुस्तिका वाचून मराठीत सांगणारा कोणीतरी हवा होता.

तो मी. मी मेहकरला एका शाळेत हंगामी मास्तर होतो. मूळचा नांदुऱ्याचा. नांदुऱ्याला रेल्वे आहे, आणि ज्याच्या गावाला रेल्वे असते त्याला बाकीची दुनिया जराशी मागासलेली वाटते. मेहकरला आल्यापासून मी मुद्दाम पुणेरी वळणाचं बोलू लागलो होतो. खरोखरच पुण्याहून कोणी आलं की मात्र मी गप्प बसत असे. तर हेडमास्तरांनी उन्हाळ्याच्या सुटीत मला इन्स्पेक्टरसाहेबांच्या हवाली केलं. बारा गावांत व्याख्यानं द्या, मी शिफारस करतो, कायम व्हाल, असं साहेबांनी सांगितलं. ‘कायम’ या एका शब्दासाठी मी तेव्हा उत्तर ध्रुवाचाही इतिहास सांगितला असता.

पुस्तिका मी अर्धी वाचली. खरं म्हणजे अर्ध्याहून थोडी कमीच. शेवटची पानं बारीक टायपात होती आणि शेवटच्या काचांवर बोटीच बोटी होत्या. बोटीला काय समजावून सांगायचं, असा विचार करून मी पुस्तिका मिटली. चार गावं या भांडवलावर सुखरूप पार पडली. लोकांनी प्रश्न विचारले ते कंदिलात कोणतं तेल घालता, एवढेच.

पाचवं गाव जानेफळच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, कारण तिथली मंडळी अजून भांडतात. साहेबांना संध्याकाळच्या आत मेहकरला परतायचं असे, त्यामुळे व्याख्यान भर दुपारी आणि जादूच्या कंदिलाला तर अंधार हवा. हा पेच गावच्या पाटलांनी सोडवला. त्यांची कापसाची खोली कापूस विकून झाल्यामुळे रिकामी होती. लांबलचक खोली, खिडकी एकही नाही, दार ओढून घेतलं की दुपारी बारा वाजता काळाकुट्ट अंधार. भिंतीवर पाटलांचं एक पांढरंशुभ्र धोतर ताणून लावलं. पुढे बाप्ये, मागे दाराशी बाया, मध्ये मी, कंदील आणि त्याचा धूर. एवढ्या उकाड्यात कोणी इतिहास ऐकला असेल तर तो फक्त त्या गावाने.

मी सांगू लागलो. लंडनमध्ये काही भल्या माणसांची एक मंडळी होती. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर एक नवी वसाहत करायची असं त्यांनी ठरवलं. त्या किनाऱ्यावर त्यांच्यातला जवळजवळ कोणीच गेलेला नव्हता, म्हणून नियम करायला त्यांना अजिबात अडचण पडली नाही. वसाहतीत दारू नको. गुलाम नकोत. आणि वकील नकोत. दारूबंदी ऐकून पुढची रांग खुदखुदली. वकीलबंदी ऐकून सगळी खोली एकदम गंभीर झाली. ज्यांच्या शेताच्या बांधाचे खटले खामगावात चालू होते ते दोघे-तिघे तर धोतरावरच्या, वसाहत वसवायला निघालेल्या साहेबाकडे देवाकडे बघावं तसे बघू लागले.

मग तिसरी काच. खांद्यावर कातडं पांघरलेला एक उंच म्हातारा. मी सांगितलं, साहेबाची बोट नदीतून वर आली, तिथे उंच कडा होता, कड्यावर या म्हाताऱ्याची वस्ती होती. तो तिथल्या मूळ लोकांचा नाईक. त्याची माणसं थोडी होती. दुभाषी म्हणून एक व्यापार करणारी बाई मध्ये बोलली, आणि म्हाताऱ्याने गाव वसवायला ती जागा साहेबाला दिली. पुढच्या काचेवर चौकच चौक. चौकाभोवती घरांचे तुकडे, पुन्हा चौक, पुन्हा तुकडे, सगळं फूटपट्टीने आखलेलं. गावाला वेस कुठे आहे आणि मारुती कुठे आहे, असं एकाने विचारलं. दोन्ही नाहीत म्हटल्यावर अशा गावात मुलगी द्यावी की नाही, यावर मागे बायांत कुजबुज झाली.

त्यानंतरचा भाग मात्र गावाला माझ्याशिवाय समजला असता. लंडनच्या मंडळीने उंटावरून शेळ्या हाकत असा हुकूम सोडला की या वसाहतीत रेशीम पिकवायचं. तुतीची झाडं लावली. इटलीहून जाणकार आणले. झाडं वाढली, किडे मेले. एवढ्या खटाटोपातून राणीसाहेबांचा एक झगा निघाला आणि रेशमाचं प्रकरण हळूहळू आटोपलं. खोलीत हसू उसळलं. सगळ्यांच्या माना इन्स्पेक्टरसाहेबांकडे आणि त्यांनी आणलेल्या सरकीच्या पोत्यांकडे वळल्या. अंधार होता म्हणून साहेबांचा चेहरा मला दिसला नाही, ही माझ्यावर कृपाच झाली.

वीसेक वर्षांत नियमांचं काय झालं तेही सांगितलं. दारू आली. वकील आले. आणि गुलाम नकोत म्हणणाऱ्यांचं मन मोठं होतं खरं, पण भाताची लावणी कोणी करायची हा प्रश्न आल्यावर ते तेवढं मोठं राहिलं नाही. आफ्रिकेतून माणसं बोटीत कोंबून आणली आणि विकली. पुढे कापूस आला. सरकी वेगळी करायचं यंत्र त्याच शहराजवळच्या एका मळ्यावर पहिल्यांदा फिरलं. तेव्हापासून त्या धक्क्यावर गासड्यांचा डोंगर. आपल्या नांदुऱ्याची सरकी काढणारी जिनं त्याच यंत्राची नातवंडं, असं मी घरचा अभिमान मिसळून सांगून टाकलं. साहेब खाकरले. म्हणजे आता सरकीवर या.

त्याआधी दाराजवळून एका मजूर बाईने विचारलं, “अन् त्या इकत घेतलेल्या मानसाईले येचाईचा वाटा काय भेटे?”

मी म्हणालो, काही नाही.

“काईच नाई?”

काहीच नाही, म्हणालो. वर्षभर कापूस वेचून घरी मूठभर वाटा नेणाऱ्या बाया होत्या त्या.   साहेबांनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. अमेरिकन कपाशीचं कौतुक करायला आणलेल्या माणसाने नेमकं तेवढं सोडून सगळं सांगितलं होतं. खरं बोलण्याची माझी त्या दिवसाची ताकद तिथेच संपली असावी. कारण लगेच दुसरी एक म्हातारी उभी राहिली, आणि तिला मी खोटं सांगितलं.

ही म्हातारी सत्तरीची. पाठ ताठ, पदराचं टोक दातात धरलेलं. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही, थोडं शेत, एक सालदार आणि एक बैलजोडी. तिचं सगळं प्रकरण मला नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकतो. आमच्याकडे गाव जिथे वसतं त्या जागेला पांढरी म्हणतात, पेरतात ती काळी. या गावची पांढरी म्हातारीच्या सासरच्या मूळपुरुषाने दिलेली. पाटलांचे पूर्वज पुढे कधीतरी जालन्याकडून एका गाडीत संसार घालून आले आणि त्याच पांढरीवर टेकले. म्हणून पोळ्याला तोरणाखालून सगळ्यांच्या आधी म्हातारीच्या सासरचे बैल जात. मग जमिनीची मोजणी झाली, कागद झाले, आणि कागदावर नाव लागलं पाटलांचं. तरीसुद्धा पोळ्याचा मान टिकला होता. म्हातारीचा सासरा एका वर्षी पोळ्याला तापाने पडला, तेव्हा पाटील घराण्याने मोठ्या मनाने ‘यंदापुरते’ आपले बैल पुढे काढले. ते यंदा साठ वर्षं चाललं होतं.

म्हातारीचा हट्ट एवढाच होता की मरायच्या आधी एकदा आपली जोडी तोरणाखालून पहिली जावी. तिच्यामागे घरात कोणी नव्हतं. पुढे हा हक्क सांगायलाही कोणी उरणार नव्हतं. दर पोळ्याला ती पाटलांच्या दारात जाऊन मागत असे, आणि दर पोळ्याला गाव हसत असे.

तर त्या अंधाऱ्या खोलीत तिने मला ती तिसरी काच पुन्हा लावायला सांगितली. मी लावली. म्हाताऱ्या नाईकाकडे ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “मास्तर, पांढरी तं या बुढ्यानं देल्ली. मंग याच्या घरच्याईले तथी आता काय मान हाये?”

आता मला काय ठाऊक. पुस्तिका मी तिथवर वाचलीच नव्हती. तसं सांगितलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं. पण मघाच्या ‘काहीच नाही’नंतर आणखी एक नकार द्यायला माझी जीभ उचलेना, आणि माहीत नाही असं म्हणणारा मास्तर तर मी आजवर पाहिलेला नाही. मी घसा साफ करून पुणेरी मराठीत सांगितलं की आहे तर, अजून आहे. वर्षातून एकदा त्या शहरात मिरवणूक निघते आणि सगळ्यांत पुढे म्हाताऱ्याच्या घरची गाडी असते. मोठमोठे साहेब मागून चालतात. एवढं झाल्यावर मला चेव आला आणि त्या गाडीला मी फुलांच्या माळाही लावल्या.

 पाटील उगाचच खोकले. म्हातारी खाली बसली, आणि मी सरकीच्या फायद्यांकडे वळलो. परतताना साहेब म्हणाले की शेवट चांगला केलात, आणि पाटलांनी वीस एकरांत अमेरिकन पेरायचं कबूल केलं म्हणून खुशीत पान लावून दिलं.

पाऊस लागला, रस्ते चिखलात गेले, उरलेली सात गावं दिवाळीनंतरवर पडली. श्रावणात शाळेत चपराशी आला आणि माझ्या हातात तहसीलचा कागद ठेवून गेला. पोळ्याच्या मानाबाबत अर्ज, साक्षीदार म्हणून हजर राहा. म्हातारी गुडघाभर चिखल तुडवत मेहकरला आली होती आणि कचेरीबाहेरच्या अर्जनविसाकडून तिने अर्ज लिहवून घेतला होता. अर्जनवीसही रसिक निघाला. त्याने बेधडक लिहिलं होतं की अमेरिका खंडातील सव्हाना शहरी अद्यापि मूळ जागामालकाच्या वंशजांना अग्रमान असून सदर गोष्ट सरकारी व्याख्यात्याने सरकारी कंदिलाच्या उजेडात जाहीर केली आहे. तहसीलदारांनी एरवी हा कागद हसून बाजूला ठेवला असता. पण पोळ्याला डोकी फुटतात हा अनुभव होता, आणि अर्जात ‘सरकारी’ हा शब्द दोनदा आला होता.

इन्स्पेक्टरसाहेबांच्या डोळ्यांत रक्त उतरलं. पाटील बिथरले तर वीस एकर अमेरिकन पऱ्हाटी उपटून फेकतील. ती पऱ्हाटी तशीही गुडघ्याच्या वर जायला तयार नव्हती आणि पानांवर लाली चढली होती, पण ते वेगळं. साहेबांनी बजावलं की पुस्तिकेत आहे तेच सांगायचं. नाहीतर कायम होणं दूर, हंगामीही राहणार नाही. मी विचारलं, पुस्तिकेत काय आहे? ते म्हणाले, तुम्ही वाचलीत ना?

मग त्या दिवशी शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात बसून, पुस्तिकेचा बारीक टायप मी पहिल्यांदा वाचला. तो नाईक म्हातारपणी मेला. मरताना त्याने सांगितलं, मला नव्या शहरात, माझ्या मित्रांमध्ये पुरा. त्यांनी पुरलं. मोठ्या इतमामाने, मधल्या एका चौकात. खुद्द वसाहत वसवणाऱ्या साहेबाने तिरडीला खांदा दिला. थडग्यावर दगडांचा ढीग रचला. त्याची माणसं पुढे त्या मुलखातून गेली, किंवा घालवली. पुस्तिकेने त्यावर एक वाक्य खर्च केलं होतं. दीडेकशे वर्षांनी शहराला आपल्या एका रेल्वे कंपनीच्या मालकाचं स्मारक उभारावंसं वाटलं. जागा हवी होती. चौक उत्तम होता. त्यांनी दगडांचा ढीग काढला आणि त्या म्हाताऱ्याच्या छातीवर रेल्वेवाल्याचा खांब उभा केला. नंतर काही बायांना वाईट वाटलं, म्हणून चौकाच्या कोपऱ्यात त्याच्या नावाचा एक धोंडा आणून ठेवला. मी नांदुऱ्याचा. लहानपणापासून रेल्वेचं मला केवढं कौतुक. त्या दिवशी पहिल्यांदा ते घशाशी आलं.

खोटं बोलणं अवघड नव्हतं, हे इथे नमूद केलं पाहिजे. पुस्तिका वाचण्याच्या भानगडीत तहसीलदार पडणार नव्हते. तुम्हीच तोंडी सांगा, असा निरोप होता. मी मिरवणुकीला चार माळा आणखी लावल्या असत्या तरी तपासायला सव्हानाला कोण जाणार होतं? उलट खरं सांगावं तर माझी नोकरी पक्की, साहेब खूश, पाटील खूश, आणि वर सत्यवादी म्हणून नाव. सत्याच्या बाजूला एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या बाजूला एक म्हातारी आणि तिचे दोन बैल.

सुनावणीच्या दिवशी ती कचेरीच्या ओट्यावर बसून होती. मला पाहून उठली. मला वाटलं, आता पाया पडेल, रडेल. ती एवढंच म्हणाली, “मास्तर, ज्यास्त नका बोलू. तई खोलीत सांगतलं तेवढंच सांगा.” आणि पुन्हा बसली.

आत पाटलांच्या वतीने खामगावचे एक वकील आले होते. सव्हानाच्या संस्थापकांची दूरदृष्टी मला तेव्हा पटली. वकिलांनी वहिवाटीचा मुद्दा मांडला: साठ वर्षं पाटलांचे बैल पुढे, म्हणजे तोच रिवाज. पाटलांना एवढ्याने समाधान वाटेना. ते मध्येच म्हणाले की सणाच्या दिवशी रांडमुंड बाईचे बैल तोरणाखालून पयले काऊन जातीन, गावाले इघ्न नाई का येनार. म्हातारीने त्यांच्याकडे मान वळवली.

“कुकू माह्यं पुसलं,” ती म्हणाली, “बैलाचं नाई पुसलं.”

तहसीलदार खाली मान घालून काहीतरी लिहायला लागले. हसू आलं की ते तसं करत असावेत. मग माझा पुकारा झाला. त्या शहरात तसा मान आहे का? मी शाळेत शुद्धलेखन सांगतो त्या सुरात सगळं सांगितलं. मान नाही. मिरवणूक नाही, गाडी नाही, माळा नाहीत. थडगं होतं, दगडांचा ढीग होता, तो काढला, वर रेल्वेवाल्याचा खांब आहे. त्या वेळी उन्हामुळे आणि घाईमुळे माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली. ‘माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली’ असंच म्हणालो. ‘मी खोटं बोललो’ म्हणायला दोन शब्द कमी लागले असते.

इन्स्पेक्टरसाहेबांनी मान डोलावली. वकिलांनी मिशीवरून बोट फिरवलं. म्हातारी माझ्याकडे नाही, तहसीलदारांकडे पाहत होती. बोलू का, असं तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बोलली.

“साहेब, ढीग व्हता म्हून तं त्याईले काढा लागला. मान नसताच तं काढाले काय व्हतं तथी? आमचाही काढलाच हाये. मी तेच सांगून राह्यली.”

तहसीलदारांची लेखणी थांबली. तेवढा एक क्षण मला अजून आठवतो, कारण त्या क्षणी म्हातारी जिंकली होती, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं होतं. पाटलांनाही. मग वकील उठून म्हणाले की परदेशी दाखल्याची नजीर इथे लागू होत नाही. लागू होत नव्हती तर अर्धा तास आम्ही काय करत होतो, हे कोणी विचारलं नाही. लेखणी पुन्हा चालू लागली. हुकूम असा झाला की वहिवाट आहे तशी ठेवावी, शांतता राखावी, आणि अर्जदारणीने मानाबाबत पुन्हा तक्रार करू नये. बाहेर जाताना तहसीलदार तिला म्हणाले, बाई, तुमचं म्हणणं खरं असेल, पण कागद नाही. ते भले माणूस होते. भल्या माणसांना वाईट वाटण्याची सोय सरकारने ठेवलेली होती.

मी मागच्या दाराने निघणार होतो. पण मागचं दार फक्त साहेबलोकांसाठी, म्हणून पुढूनच जावं लागलं. ती ओट्याच्या पायरीवर चप्पल पायात घालत होती. मी थांबलो. माय, म्हणालो. कित्येक महिन्यांत मी कोणाला ‘माय’ म्हटलं नव्हतं; मेहकरला मी सगळ्यांना ‘बाई’ म्हणत असे.

तिने विचारलं, “खोटं तई सांगतलं व्हतं, का आज सांगतलं?”

“तई,” मी म्हणालो.

 “तई बरं सांगतलं व्हतं,” ती म्हणाली. “मोहरच्या गावात जासान तं तसंच सांगजा.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. अर्जाला लावलेल्या कोर्ट-फीच्या तिकिटाचा उरलेला तुकडा तिने पदराच्या गाठीत बांधला आणि ती चिखलातून चालू लागली. तिच्या गावापर्यंतची वाट पाच-सहा तासांची. माझी खोली दोन गल्ल्यांवर होती, आणि मी घरी जाऊन जेवलो. मला आजही त्या जेवणाची लाज वाटते.

पोळ्याला इन्स्पेक्टरसाहेब पाटलांना शेला द्यायला त्या गावी गेले आणि मलाही सोबत घेऊन गेले. बैल ओळीत उभे होते, गडी एकमेकांवर झडत्या म्हणत होते. पोळ्याच्या या तुकबंदीत कोणाचीही टोपी उडवायला मुभा असते. त्या वर्षी एक झडती माझ्यावर होती: मास्तराने अमेरिकेच्या बुढ्याला मान दिला आणि मेहकरात नेऊन परत काढून घेतला. चांगली जमली होती. सगळं गाव हसलं, मीही हसलो. ओळीच्या अगदी शेवटी म्हातारीचा सालदार तिची जोडी घेऊन उभा होता. शिंगं रंगवलेली, पाठीवर जुनी पण धुतलेली झूल, कपाळावर ठसठशीत कुंकू. पाटलांचे बैल तोरणाखालून गेले, पोळा फुटला, धूळ उडाली, आणि त्या धुळीत शेवटची जोडी कधी गेली ते मला दिसलंही नाही. म्हातारी स्वतः आली नव्हती.

दिवाळीच्या सुमारास मी कायम झालो. कार्तिकात म्हातारी गेल्याचं कळलं. शेत नवऱ्याच्या लांबच्या पुतण्याकडे गेलं, तो बीबी गावाकडे राहतो. त्याला पोळ्याच्या मानाशी काही कर्तव्य नव्हतं.

रस्ते वाळले तशी उरलेली सात गावं सुरू झाली. मी मनाशी पक्कं केलं होतं. या वेळी कोणी विचारलं की मी मिरवणूक सांगणार, गाडी सांगणार, माळा सांगणार. साहेब पाठीत बोट खुपसोत की सुरी. तिसरी काच मी मुद्दाम जास्त वेळ ठेवू लागलो. कातडं पांघरलेला म्हातारा धोतरावर उभा राही आणि मी अंधारात गप्प राही. लोकांनी विचारलं की हे कातडं कशाचं. विचारलं की बोट एवढी मोठी असून बुडत कशी नाही. एका ठिकाणी विचारलं की राणीचा झगा कुठे पाहायला मिळेल. पाहता पाहता सहा गावं झाली.

सातव्या गावात मला राहवलं नाही. काच तशीच ठेवून मी स्वतःच लोकांना विचारलं, गावाला जागा या म्हाताऱ्याने दिली, तर याच्या घरच्यांचं पुढे काय झालं असेल? खोलीत जरा चुळबुळ झाली. मास्तर उलटा प्रश्न विचारतो, याची सवय नव्हती कोणाला. शेवटी पुढच्या रांगेतला एक गृहस्थ, चांगला जाणता, विचार करून म्हणाला, “मेले असतीन.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी पुढची काच लावली.